बग्गूची बारी

बग्गू हे तिचं नाव नव्हतं. पासपोर्टवर सुलोचना होतं आणि गावाकडे तिला सुली म्हणत. पण मस्कतजवळच्या अल खौदमधल्या ज्या ओमानी घरात ती स्वयंपाक करायची, तिथे ती बग्गू होती. मॅडम तिला बग्गू म्हणत, मुलं म्हणत, पाण्याचा टँकर घेऊन येणारा ड्रायव्हरही फाटकातून "ओ बग्गू!" अशी हाक मारायचा. कारण इतकंच, की तिच्या तोंडून कधी 'नाही' निघत नसे. जेवणाआधी आइस्क्रीम मागा, भर दुपारी समुद्रावर न्यायला सांगा, मांजर पाळू या म्हणा, तिचं उत्तर एकच: "बगू." सालेम आणि शहद ही त्या घरातली दोन भावंडं. बोलायला शिकत असताना त्यांनी हा शब्द इतक्यांदा ऐकला, की ही बाई आपलं नाव सांगते आहे असंच त्यांना वाटलं. पुढे कुणी दुरुस्त केलं नाही. तिनंही नाही. "म्हणूं दे की," ती म्हणायची, "नावानं काय भाकरी करपती व्हय?"

मी तिला मावशी म्हणायचे. माझे पप्पा एसी दुरुस्त करतात. त्या घरातला वरच्या मजल्यावरचा एसी बिघडला म्हणून ते गेले होते, तेव्हा मॅडमनी सहज विचारलं, मुलांना इंग्रजी आणि गणित शिकवणारं कुणी ओळखीचं आहे का. पप्पांनी लगेच माझं नाव सांगितलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पप्पा दहावीपर्यंत शिकले, आई सातवीपर्यंत. त्यामुळे मला सगळंच येत असणार असा पप्पांचा समज आहे. माझा तसा समज कधीच नव्हता. पहिल्या दिवशी त्या उंच फाटकापाशी बेल दाबू की नको, असा विचार करत मी उभी होते. आतून गाऊनवर ओढणी घेतलेली एक बाई आली आणि मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, "एसीवाल्या दादांची पोरगी न्हवं तू? मग हुबी का उन्हात? आत ये. च्या पितीस?" मी पुढच्या दारानं जायचं की मागच्या, हेही मला ठाऊक नव्हतं. तिनं मला स्वयंपाकघराच्या दारानं आत नेलं आणि पुढची दोन वर्षं मी त्याच दारानं जात राहिले.

माझं मराठी तेव्हा फार अडखळतं होतं. मी मस्कतमध्ये वाढले. शाळेत मैत्रिणींशी इंग्रजी, बाजारात हिंदी, घरी मराठी, पण तेही अर्धं. मावशीनं मला शिकवलं असं म्हणता येणार नाही, कारण ती शिकवायला कधी बसली नाही. ती कांदा चिरायची आणि माझं वाक्य मध्येच पकडायची. एकदा मी विचारलं, "मावशी, ती दूध फ्रीजमध्ये ठेवू?" तिनं चिरणं थांबवलं. "दूध ती न्हाई गं बाई, ते. ती म्हंजी म्हस." आणि हसून हसून डोळे पुसले. माझी चूक झाली की मला पुढे बोलायची भीती वाटते. तिच्यासमोर मात्र चुकायला मजा यायची, कारण प्रत्येक चुकीवर तिच्याकडे एक म्हैस तयार असे. आज मी हे मराठीत लिहिते आहे, यात तिचा वाटा मोठा आहे. चुका माझ्या आहेत.

भाषेच्या बाबतीत तिची स्वतःची फजिती ती खुशाल सांगायची. ती नवीन आली तेव्हा तिला अरबीतला एकही शब्द येत नव्हता. इथे 'माफी' म्हणजे 'नाही, संपलं'. दुकानात दूध नसलं की दुकानदार म्हणतो, "दूध माफी." मावशीला वाटलं, काय सज्जन लोक आहेत! "म्या म्हटलं, आसूं दे बाबा, दूध न्हाई तर न्हाई, त्यात माफी कशाला मागतूस? तर त्यो आणि एकदा म्हणला, माफी, माफी. मला तर रडूच याया लागलं. आमच्या गावात दूध संपलं तर गवळी वरनं आपल्यालाच बोलतो." महिनाभर ती सगळ्यांना माफ करत होती.

पण तिचा खरा अभ्यास 'इन्शाल्ला' या शब्दाचा होता. देवाची इच्छा असेल तर, असा त्याचा अर्थ, आणि ओमानमध्ये राहणाऱ्या कुणालाही तो दिवसातून अनेकदा ऐकावा लागतो. पप्पा म्हणतात, अर्बाब, म्हणजे मालक, इन्शाल्ला म्हणाला की काम होईलही आणि होणारही नाही. मावशीनं मॅडमच्या इन्शाल्लाचे प्रकार पाडले होते आणि ते तिनं मला पहिल्याच आठवड्यात समजावले. छातीवर हात ठेवून म्हटलं तर काम झालं म्हणून समजायचं. लांबवून, गोड आवाजात, "इन्शाऽऽल्ला, हबीब्ती", म्हणजे लाडके, असं आलं तर पुढच्या महिन्यात आठवण करायची. आणि फोनवरची नजर न उचलता म्हटलं, तर खलास, विषय सोडून द्यायचा. "आमचं बगू आन् त्यांचं इन्शाल्ला," ती म्हणायची, "एकाच आईची लेकरं ही. न्हाई म्हणायची लाज वाटती, म्हणून देवाला मधी घालायचं."

ती साताऱ्याकडची, पाटण तालुक्यातली. नवरा गेल्यावर दोन मुली बहिणीकडे ठेवून ती आली होती. थोरलीचं लग्न झालं ते विमानं बंद होती त्या वर्षी. मावशीनं ते अल खौदच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर पाहिलं. "अक्षता पडायच्या टायमाला फोन अडाकला," तिनं मला सांगितलं होतं. "पोरीचा हात असा वर, हार घेतलेला. त्यो वरच. म्या आपली बघतीया, आता घालंल, मग घालंल. परत चालू झाला तवा लोक जेवत व्हती." एवढं सांगून ती उठली आणि तिनं मुलांचे डबे धुवायला घेतले.

आता धाकटीचं, मनीषाचं ठरलं होतं. मुहूर्त जूनच्या शेवटी, आषाढ लागायच्या अगोदरचा. पुढे दिवाळीनंतरपर्यंत मुहूर्त नव्हता आणि मुलाकडचे थांबायला तयार नव्हते. रमजानच्या सुरुवातीला मावशीनं मॅडमकडे रजा मागितली. मी तिथेच शहदच्या वहीत पाढे तपासत बसले होते. मॅडम सोफ्यावर होत्या. त्या म्हणाल्या, "इन्शाल्ला, बग्गू." हातात फोन होता आणि नजर त्यावरच. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मला प्रकार कळला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग जूनमध्ये प्रवास निघाला. मुलांना सुट्टी लागली की मॅडम बाहेरगावी जात, आणि मावशी बरोबर असेच. यंदा मुलांचं गणित कच्चं राहिलं म्हणून मलाही नेलं. साहेब मस्कतलाच थांबले. आधी आठवडाभर ग्रीस, मग तिथून बोटीनं इटलीतल्या बारी या बंदरात, कारण मॅडमच्या बहिणीनं त्या बाजूला समुद्रकाठी घर घेतलं होतं. विमान अर्थातच सोपं पडलं असतं, पण सालेमला जहाजात झोपायचं होतं. बारीत चार दिवस काढून मस्कत, असं ठरलं होतं, आणि तसं झालं असतं तर मावशीला लग्नाला पोचता आलं असतं. पण ग्रीसमध्ये एका सकाळी बहिणीचा फोन आला. मॅडम खुशीत स्वयंपाकघरात आल्या. "बग्गू, आपण बारीला जास्त राहू या. जुलैच्या मध्यापर्यंत. मुश्किल?"

मावशी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "बगू," ती म्हणाली.

"गुड," म्हणाल्या मॅडम आणि गेल्या.

मी म्हटलं, "मावशी, अगं, लग्न!" ती म्हणाली, "आठवतंय मला." मी म्हटलं, "मग सांग ना त्यांना. मी सांगू का?" खरं तर मलाही सांगायचं धैर्य होतं की नाही, देव जाणे. ती म्हणाली, "परक्या मुलखात आणल्याली माणसं आपण. हितं मधीच म्या जाते म्हटलं तर त्या बाईनं दोन पोरं घिऊन करायचं काय? बगू." त्या दिवशी तिनं गरजेपेक्षा दुप्पट पोळ्या केल्या.

बोट संध्याकाळी सुटायची होती. मावशीच्या डोक्यात बोट म्हणजे कोयनेच्या पाण्यातली लाँच. ग्रीसमधल्या पात्रास बंदराच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोटीचा मागचा भाग उघडा होता आणि त्यातून अख्खे मालट्रक आत जात होते. मावशी एका हातात शहदचं बोट आणि दुसऱ्या हातात तव्याची पिशवी धरून उभी राहिली. तवा ती प्रवासात कधी सामानात टाकत नसे. "आगं बया," ती म्हणाली, "ह्यात तर आमचा सगळा डेपो मावंल. वर कंडक्टर बसवाया जागा उरंल."

सालेमला तिचा आविर्भाव आवडला. "बग्गू, शिप बुडणार?"

"बगू," ती म्हणाली, आणि तो इतका घाबरला की तिला त्याला उचलून घ्यावं लागलं.

बोट निघाल्यावर आम्ही वरच्या डेकवर बसलो. सूर्य अजून पाण्याच्या वर होता. मुलं धावत होती, मॅडम केबिनमध्ये आराम करत होत्या. मावशी कठड्याकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या उजव्या हाताचा अंगठा बोटावर सारखा घासत होता, काहीतरी वळल्यासारखा. मी विचारलं, काय करतेस. तिनं हात पाहिला, जणू तो दुसऱ्याचा होता. "आज घरी गव्हलं घातलं असतील," ती म्हणाली. मला गव्हले ठाऊक नव्हते. तिनं सांगितलं. लग्न ठरलं की चांगला दिवस बघून घरात सवाष्णी बसतात आणि रव्याच्या पिठाचे बारीक बारीक प्रकार हातानं वळतात: गव्हासारखे गव्हले, बोटावरचे बोटवे, नखानं दाबलेली नखुली. त्याची खीर होते, रुखवतात ठेवतात. लग्नघराचं पहिलं काम ते. "गावातल्या सगळ्या पोरींच्या लग्नात नखुली माझ्या हातची असायची. माझी नखं तशी हाईत," ती म्हणाली आणि मला अंगठ्याचं नख दाखवलं. ते खरंच सुंदर होतं, लहान आणि गोल. माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. "माझ्या पोरींच्याच न्हाई."

मी काहीतरी धीर द्यायला हवा होता. मला मराठीत धीर कसा देतात ते माहीत नव्हतं, म्हणून मी तिच्या शेजारी नुसती बसून राहिले. थोड्या वेळानं तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला.

सकाळी बारीत उतरलो. मॅडमच्या बहिणीला गाडी घेऊन यायला उशीर होता, म्हणून सामान धक्क्यावरच्या एका खोलीत ठेवून आम्ही जुन्या गावात चालत गेलो. पांढऱ्या दगडांच्या अरुंद गल्ल्या, वर दोऱ्यांवर चादरी, दारात देवीच्या लहान लहान तसबिरी. मावशी म्हणाली, "हितं शेजारणीला हाक मारायची असंल तर वरडायला लागत न्हाई, हात लांब केला तरी हुतंय." एका गल्लीत शिरलो आणि ती थांबली. पुढे मॅडम, मागे मुलं, मध्ये ती अशी थांबली की शहद तिच्यावर आदळली.

घरांच्या दारांत बायका बसल्या होत्या. पुढ्यात लाकडी पाट, पाटावर पिठाची लांब वळकटी. सुरीनं तुकडा तोडायचा, ओढायचा, अंगठ्यावर उलटा करायचा, की लहान कानाच्या पाळीसारखा आकार. मोठमोठ्या जाळ्यांवर असे हजारो कान वाळत होते. इटलीचा प्रसिद्ध पास्ता, मी नंतर वाचलं. पण मावशी म्हणाली, "आगं, ह्या तर लगीनघरच्या बाया!"

एका म्हाताऱ्या आजीच्या पाटासमोर ती जाऊन उभी राहिली. आजीनं वर पाहिलं, काहीतरी विचारलं. बहुधा विकत हवं का, असं. मावशी मराठीत म्हणाली, "रवा हाय का ह्यो? मऊ मळलाईसा." आजी इटालियनमध्ये काहीतरी म्हणाली. मी घाईघाईनं फोन काढला, भाषांतर करावं म्हणून. मावशीनं माझा हात खाली केला. आजीनं पायानंच एक स्टूल पुढे सरकवलं.

मावशी बसली. तिनं पिठाचा वाटाण्याएवढा तुकडा घेतला, तळहातावर फिरवला आणि नखानं दाबून उचलला. पाटावर एक नखुलं पडलं, शिंपल्यासारखं, कडेला नाजूक रेघ. मग दुसरं, मग तिसरं. तिची बोटं बघता बघता दिसेनाशी झाली. आजीनं चष्मा लावला. एक नखुलं उचलून उजेडात धरलं आणि गल्लीच्या टोकाकडे मोठ्यानं हाक मारली. दोन बायका हात पुसत आल्या. मावशी त्यांना सांगू लागली, "ह्याची खीर करायची. गूळ घालायचा, साखर न्हाई. लई शिजवायचं न्हाई." त्या माना हलवत होत्या. त्यातली एक उलट तिला काहीतरी समजावत होती, बोटं एकत्र धरून, बहुधा टोमॅटोबद्दल. मावशी म्हणाली, "न्हाई न्हाई, गूळ." तिच्या तोंडून नकाराचं सरळ 'न्हाई' निघालेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही टोमॅटोला.

शहद तिच्या मांडीला टेकून बसली. मॅडम गल्लीच्या मधोमध उभ्या होत्या. त्या हसत म्हणाल्या, "बग्गू! इतकी वर्षं माझ्या घरात, हे कधी केलं नाहीस आम्हाला?"

मावशीनं मला म्हटलं, "सांग त्यांला, हे रोजचं न्हाई. लगीनघरचं हाय."

मी इंग्रजीत सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मग आता कुणाचं लग्न?" त्या गमतीनं म्हणाल्या होत्या.

मावशीचा अंगठा थांबला. मी सांगायला तोंड उघडलं. मावशीनं माझी वाट पाहिली नाही. ती स्टुलावरून उठली. हाताला पीठ तसंच. आणि ती तिच्या स्वयंपाकघरातल्या मोडक्या अरबीत बोलली, ती मला शब्दशः आठवते. "मॅडम. बिंत माल अना, शादी. अना लाझिम रूह." माझ्या मुलीचं लग्न आहे, मला गेलंच पाहिजे.

मॅडमचं हसू गेलं. त्या म्हणाल्या, "इन्शाल्ला, बग्गू. इन्शाल्ला."

या वेळी हातात फोन नव्हता, छातीवर हातही नव्हता. हा कुठला प्रकार ते मला ओळखता आलं नाही. मावशीलाही आलं नसावं. ती शांतपणे म्हणाली, "इन्शाल्ला माल अल्ला. मॅडम माल कलाम शू?"

इन्शाल्ला हे देवाचं झालं. तुमचं म्हणणं काय?

मला वाटलं, आता संपलं सगळं. मालकिणीला, तेही देवाच्या नावावर, असं कुणी विचारतं? गल्लीतल्या बायकाही बघू लागल्या. त्यांना शब्द कळले नव्हते, पण उभ्या असलेल्या दोन बायका कळत होत्या. मॅडम माझ्याकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "तिला लग्नाला जायचं आहे? अजून?"

मी म्हटलं, "हो मॅडम. तिनं रमजानमध्ये विचारलं होतं. तुम्ही इन्शाल्ला म्हणालात."

"म्हणजे हो म्हणाले!" मॅडमचा आवाज चढला. "मी देवाचं नाव घेऊन हो म्हणाले. तेव्हाच मी साहेबांना फोनवर लिहीत होते, बग्गूचं तिकीट काढायचं आहे म्हणून. नंतर मीच ग्रीसमध्ये तिला विचारलं, जास्त राहू या, मुश्किल आहे का? ती म्हणाली, बग्गू."

"मॅडम," मी म्हटलं. "बगू म्हणजे हो नाही."

"मग काय?"

मी विचार केला. "बगू म्हणजे... इन्शाल्ला."

मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. मग मावशीकडे. "मला वाटलं," त्या हळू म्हणाल्या, "लग्नाची तारीख पुढे गेली असेल. तुम्ही लोक तारे बघून तारखा बदलता ना." मी ते मावशीला मराठीत सांगितलं, तिकिटाचंही सांगितलं. मावशी ऐकत होती आणि तिचा चेहरा आधी लाल झाला, मग काहीतरी वेगळाच. "म्हंजी त्या फोनमधी माझंच काम करत व्हत्या?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो. तिनं पिठाचा हात कपाळावर मारून घेतला. कपाळावर पांढरा पंजा उमटला. आधी शहद हसली, मग आजी, मग मॅडम, आणि हसता हसता मॅडमनी आपल्या ओढणीच्या टोकानं तिचं कपाळ पुसलं. म्हणाल्या, "मुलीचं लग्न आहे आणि तू माझ्या पोळ्या लाटतेस. वेडी आहेस तू, बग्गू." मी भाषांतर करणार होते, पण मावशी आधीच म्हणाली, "व्हय, व्हय."

आजीनं मावशीची नखुली वेगळ्या कागदात बांधून तिला दिली आणि आपले थोडे कानही त्यात घातले. मावशीनं ते पैसे देऊन घ्यायला पाहिलं, तर आजी इतकी रागावली की आम्ही पळालो.

दोन दिवसांनी बारीच्या विमानतळावर मी तिला सोडायला गेले. एकटीनं विमान बदलून मुंबईला जायची तिची पहिलीच वेळ. काउंटरवरच्या मुलीनं शेवटचं ठिकाण विचारलं. मी मुंबई म्हणाले. मावशी म्हणाली, "मुंबई कशी शेवटची? तितनं कराड, कराडातनं पाटण, मग वडापची जीप." मी ते इंग्रजीत सांगितलं नाही. आत जायच्या आधी तिनं तव्याची पिशवी माझ्या हातात दिली. "पोरांला तव्यावरची भाकरी लागती. पीठ जरा सैल मळ. तुझी घट्ट हुतीया." मला रडू येत होतं. तिला घाई होती. सुरक्षेच्या रांगेत ती पुढच्या माणसाला "यल्ला, यल्ला" म्हणत पुढे हाकत होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत मुलांना अपूर्णांक शिकवत होते, तेव्हा मॅडमच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. मॅडमनी ओढणी नीट केली, मग घेतला. एक जांभळ्या साडीतली बाई, नाकात नथ, केसात गजरा. मी तिला ओळखलंच नाही. साडीत मी मावशीला कधी पाहिलं नव्हतं. मागे मांडव, गर्दी, कुणीतरी माइकवरून पाहुण्यांना बसायला सांगत होतं. तिनं फोन फिरवला. मनीषा दिसली, मुंडावळ्या बांधलेली, आईसारखंच हसणारी. मंगलाष्टकं सुरू झाली. फोन एकदाही अडकला नाही. अक्षता पडल्या, हार पडले, आणि मॅडम एकदम उभ्या राहिल्या, ओठांपाशी हात आडवा धरला आणि त्यांच्याकडच्या लग्नात बायका काढतात तसा लांब, उंच, थरथरता आवाज काढला. लुलुलुलुलु! शेजारच्या बाल्कनीतले लोक बाहेर आले. तिकडे पाटण तालुक्यातला सगळा मांडव फोनकडे वळला. क्षणभर वाजंत्रीही थांबली. मग मावशीचा आवाज आला, ठणठणीत: "आमच्या मॅडम हाईत! इटलीस्नं!" आणि तिकडून टाळ्या वाजल्या.

फोन ठेवल्यावर मॅडम खुर्चीत परत बसल्या. मग म्हणाल्या, "ती परत येणार नाही."

मी म्हटलं, "मॅडम, तिची रजा महिन्याचीच आहे."

"तू तिला पाहिलंस ना?" त्या म्हणाल्या. "तू पण ओळखलं नाहीस."

तसंच झालं. थोरलीला बाळ होणार होतं, बहीण थकली होती, आणि मावशीनं फोनवर मॅडमना सरळ सांगितलं की आता येत नाही. आखातात कायमचं घरी जाण्याला 'कॅन्सल होणं' म्हणतात. मला तो शब्द कधी आवडला नाही, कारण त्यात सगळं पुसल्यासारखं वाटतं. मॅडमनी तिचा व्हिसा कॅन्सल केला त्या दिवशी मुलांना शाळेतून लवकर आणलं. नवीन स्वयंपाकीण चांगली आहे. सालेमचं गणित सुधारलं आहे. माझं शेवटचं वर्ष चालू आहे आणि माझी भाकरी अजून घट्ट होते.

गेल्या आठवड्यात मी तिला फोन केला. मला तिचे आभार मानायचे होते. आमच्याकडे आपल्या माणसाला थँक्यू म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे, तरी मी बरीच तयारी केली होती. वाक्यं मनात जुळवली होती, लिंगं, वचनं तपासली होती. पलीकडे ताटांचा, माणसांचा, लहान बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता.

"मावशी," मी म्हटलं, "मला तुला काहीतरी सांगायचं आहे."

"आगं सांग की, पर लवकर," ती म्हणाली. "दोन्ही जावई आल्यात. माझ्या घरात पंगत बसलीया. वाढायला कोण हाय माझ्याबिगर? ठेव आता."

तिनंच फोन ठेवला. मी बंद फोन कानाला तसाच धरून बसले, आणि मला खूप बरं वाटलं.